मानाचे अँटीव्हायरस

लॅपटॉपचं खोकं घरात आलं, त्या संध्याकाळी संघप्रियाला ते उघडायला मिळालंच नाही. आधी सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, ते बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवलं, मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हटलं. इथपर्यंत तिचीही हरकत नव्हती. मग नवऱ्याने, सम्राटने, गल्लीत पेढे वाटले. कोल्हापुरात पेढे वाटले की माणसं वस्तू बघायला येतात, आणि आली की सल्ला दिल्याशिवाय जात नाहीत. पेढा फुकट खाल्ला असं कुणी म्हणू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो.

लॅपटॉप संघप्रियाने स्वतःच्या कमाईतून घेतला होता आणि तोही एका कामापुरता. गेली कित्येक वर्षं ती शहरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी पडली तर उपास आणि दर जूनमध्ये ‘मॅडम, यंदा नक्की बघू’ हे ऐकून घेणं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊच्या पावसाळ्यात, खरोखरच कायमची जागा निघाली होती. अट एकच. मुलाखतीच्या आधी पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दाखल झालेला पाहिजे.

प्रबंध तयार होता. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण घडतात. ते घडवणाऱ्या बायकांच्या घरी संघप्रियाने वर्षानुवर्षं एसटीने खेपा घातल्या होत्या. बाई दिवसभर मान मोडून कड्या जोडते आणि धंदा कुणाचा म्हणून विचारलं की घरातला पुरुष ‘माझा’ म्हणतो, हे तिच्या प्रबंधाचं थोडक्यात सार. टायपिंग बाबासो नावाच्या डीटीपीवाल्याने केलं होतं. शेवटची दोन वर्षं सगळ्या दुरुस्त्या तिने त्याच्याच पडद्यासमोर बसून केल्या होत्या. विभागप्रमुख सर तिचे मार्गदर्शक. त्यांनी सांगून ठेवलं होतं, ‘सुटी पानं आणू नका, एकदम बांधूनच आणा,’ म्हणून छापील प्रत अजून काढलेली नव्हती. शेवटी बाबासो म्हणाला, “मॅडम, माझा कॉम्प्युटर भरलाय. तुमचं काम तुमी घिऊन जावा.” त्याने फाइल कट करून तिच्या पेन ड्राइव्हमध्ये घातली, दुकानाला कुलूप लावलं आणि तो राधानगरीकडे आपल्या गावी भाताच्या रोपलावणीला निघून गेला.

आता संदर्भसूची नीट करायची आणि ऋणनिर्देशात घरच्यांचे आभार मानायचे, एवढंच राहिलं होतं.

“उघड की,” सम्राट म्हणाला. “दाव सगळ्यास्नी तुजं काम.”

दाखवायचं तिच्या मनात नव्हतं. पण गल्ली उभी होती, आण्णा खुर्चीवर टेकले होते आणि सासूबाई चिमणाबाई हातात पेढ्यांचा डबा घेऊन दारात थांबल्या होत्या. संघप्रियाने पेन ड्राइव्ह लावला, फाइल लॅपटॉपमध्ये घेतली आणि उघडली. पडद्यावर मराठीचं एकही अक्षर नव्हतं. डोक्यावर टिंबं असलेले इंग्रजी ओ, टोपी घातलेले ए, उलटी प्रश्नचिन्हं आणि मधूनच डॉलरचं चिन्ह, अशी पानंच्या पानं भरलेली होती.

“व्हायरस,” कृष्णात म्हणाला.

कृष्णात शेजारचा. त्याचा केबलचा आणि मोबाइल रिचार्जचा धंदा होता, म्हणून कॉम्प्युटरच्या बाबतीत गल्लीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने अजून वाकून बघितलंही नव्हतं.

“नवाकोरा हाय गा,” सम्राट म्हणाला. “आजच आणलाय.”

“नव्यालाच लागतोय. जुन्यात त्याला खायला काय मिळणार?”

संघप्रियाने बोलून बघितलं. “बाबासोच्या दुकानात हीच फाइल चांगली दिसत हुती. मी त्यालाच विचारते की.”

“त्ये टायपिंगवालं,” कृष्णात म्हणाला. “त्येला व्हायरसमधलं काय कळतंय, वैनी?”

तिने तरीही फोन लावला. राधानगरीच्या त्या टोकाला रेंज नव्हती. फोन लागत नाही याचा अर्थ आपलं बरोबर होतं, असा चेहरा करून कृष्णात घरी गेला आणि सीडी घेऊन आला. सीडीवर निळ्या शाईने नुसतं ‘अँटी’ एवढंच लिहिलेलं होतं. हे त्याने केबलच्या एका मित्राकडून आणलेलं, पैसे न देता चालवलेलं, पण ‘एकदम जालीम’ असं अँटीव्हायरस होतं. ते आत गेलं, बराच वेळ लॅपटॉप चाळत बसलं आणि मग त्याने इंग्रजीत निकाल दिला.

संघप्रियाने वाचून सांगितलं, “काही सापडलं न्हाय म्हणतोय. फाइल चांगली हाय म्हणतोय.”

“बगा,” कृष्णात गंभीर होत म्हणाला. “म्हंजे लई खोलात गेलाय.”

आजार नाही असं सांगणाऱ्या डॉक्टरवर आपल्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही. त्याहून महागातला डॉक्टर गाठतात. सम्राटने लगेच शिरोळला आपल्या मामाला, म्हणजे आकाराममामांना, फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामा हजर झाले. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अँटीव्हायरसचा चकचकीत डबा होता. त्यांच्या कचेरीत यंत्रं पुरवणाऱ्या माणसाने तो त्यांना भेट दिला होता. मामांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तो आजवर शोकेसमध्ये बसून होता.

“वरिजनल हाय,” मामा म्हणाले. “सील बग. मी हात लावलेला न्हाय.”

संघप्रियाला एवढं कळत होतं की एका यंत्रात असली दोन प्रकरणं घालू नयेत. लॅपटॉपबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि ती पुस्तिका घरात फक्त तिनेच वाचली होती. तिने सम्राटला आत बोलावून सांगितलं.

“मामाला न्हाई म्हणू?” सम्राट कुजबुजला. “आपल्या लग्नात त्यांचा फेटा ऱ्हायलेला. इसरलीस व्हय? आत्ता कुठं बोलाय लागल्यात.”

लग्नात मामाला फेटा बांधायचा राहिला होता आणि त्यापायी मामा कित्येक वर्षं या घराचं पाणी प्यायले नव्हते. तो विषय पुन्हा निघण्यापेक्षा लॅपटॉपमध्ये दोन अँटीव्हायरस घातलेले बरे, असं घराने ठरवलं. संघप्रियाला कुणी विचारलं नाही. डबा फोडायचा मान मामांना देण्यात आला.

मामांच्या अँटीव्हायरसने प्रबंधाला हातही लावला नाही. त्यालाही फाइल चांगली वाटली. मात्र कृष्णातची सीडी आत बसलेली दिसताच ते खवळलं. पडदा लाल झाला, घंटी वाजू लागली आणि ‘धोकादायक घुसखोर’ म्हणून त्याने कृष्णातच्या अँटीव्हायरसचं नाव जाहीर केलं.

“म्हंजे मी चोर?” कृष्णात म्हणाला.

“मी कुठं म्हणतोय?” मामा म्हणाले. “डबा म्हणतोय.”

“फुकट दिली म्हणून चोर व्हय?”

“पावणं, डब्याला काय ठावं फुकटचं का इकतचं? त्येला दिसलं त्ये त्यो बोलला.”

कृष्णात उठून घरी गेला. त्या संध्याकाळी या घराची केबल बंद पडली आणि चिमणाबाईंची मालिका बुडाली. सम्राट त्याच्या दारात जाऊन बराच वेळ उभा राहिला, तेव्हा केबल परत आली. पण कृष्णातने अट घातली की त्याची सीडी आतून काढायची नाही. सम्राटने शब्द दिला. शब्द द्यायला तो कधीच कचरत नसे, विशेषतः दुसऱ्याच्या वस्तूवरून.

एवढ्यावर थांबलं असतं तरी संघप्रियाने कसंबसं निभावून नेलं असतं. पण सम्राटने हे सगळं कचेरीत रंगवून सांगितलं. त्याचे साहेब ऐकत होते. ते म्हणाले, “आमचा पृथ्वीराज अँटीव्हायरसच इकतोय की. पाठवून देतो.” पृथ्वीराज म्हणजे साहेबांचा पुतण्या. आणि साहेबांच्या टेबलावर त्याच आठवड्यात बदल्यांची यादी होती. सम्राटला चंदगडला जायचं नव्हतं.

पृथ्वीराज मोटारसायकलवरून आला, बूट न काढता आत आला आणि कुणी सांगायच्या आत त्याने आपलं अँटीव्हायरस लॅपटॉपमध्ये घातलं. त्या अँटीव्हायरसने पहिल्या दोघांनाही चोर ठरवलं. पहिल्या दोघांनी त्याला चोर ठरवलं. प्रबंधाबद्दल मात्र तिघांचं एकमत होतं, की फाइलमध्ये कसलाही दोष नाही. घरात तेवढी एक गोष्ट कुणी ऐकली नाही.

आता लॅपटॉप चालू होईना. चालू झालाच तर त्याचा पंखा मोठमोठ्याने फिरे, पडद्यावर तीन खिडक्या एकमेकींच्या अंगावर येत आणि बाण जागचा हलेना. मुलाखत तोंडावर आली होती. संघप्रियाने पदर खोचला आणि ती बैठकीच्या खोलीत येऊन उभी राहिली. आण्णा, मामा, सम्राट आणि रुसवा निघालेला कृष्णात असे सगळेच तिथे होते.

“दोन काढा आणि एकच ठिवा,” ती म्हणाली. “कुठलंबी ठिवा.”

“कुणाचं काढायचं?” सम्राटने विचारलं.

कुणी कुणाकडे बघेना. मामा छताकडे बघत म्हणाले, “माझं काढा. मला काय? एकदा फेट्यावाचून ऱ्हायलोय, आता डब्यावाचून ऱ्हातो.”

“न्हाय, न्हाय, तुमचं कसं काढायचं?” आण्णा घाईने म्हणाले. “आनि साहेबांचं बी काढता येत न्हाय.”

“म्हंजे माझंच ऱ्हायलं,” कृष्णात म्हणाला आणि त्याने केबलच्या खोक्याकडे नजर टाकली.

“तिघंबी ऱ्हाऊद्यात,” आण्णांनी निवाडा दिला. “घरात धा माणसं ऱ्हात न्हाईत व्हय? होत्यात हळूहळू सवयीची.”

“आण्णा, ती माणसं न्हाईत,” संघप्रिया म्हणाली. “मला प्रबंध छापायचाय. माझी नोकरी हाय त्याच्यावर. माझा लॅपटॉप मला द्या, बास.”

“अगं, तुझ्यासाठीच चाललंय न्हवं सगळं?” सम्राट दुखावल्या आवाजात म्हणाला. “मामा गाव सोडून आल्यात. ह्यो कृष्णात धंदा बुडवून बसलाय. आनि तू अशी बोलतीस?”

तिला शरमल्यासारखं झालं. हीच तर गंमत आहे. ज्याच्या मानगुटीवर चार माणसं बसली आहेत, त्यालाच शेवटी चार माणसांची माफी मागावी लागते. तिने चहा टाकला.

सकाळी तिचे तास होते. तास बुडवला तर पैसे बुडत आणि वर्षाच्या अखेरीला हजेरीत तेच दिसे, म्हणून तिला जावं लागलं. जाताना उंबऱ्यात थांबून तिने सांगितलं, “काय करायचं ते करा. फकस्त त्या फाइलला हात लावू नका.”

“न्हाय लावत,” चौघेही म्हणाले, आणि बोलताना ते खोटं बोलत नव्हते.

ती गेल्यावर कृष्णातने उपाय काढला. लॅपटॉप धुऊन काढायचा, म्हणजे फॉरमॅट मारायचा. सगळेच अँटीव्हायरस एकदम जातील, म्हणजे कुणा एकाचं काढलं असं होणार नाही. हा तोडगा सगळ्यांना पसंत पडला. त्यात सगळ्यांचा मान सारखा राहत होता. मग लॅपटॉपमधलं काय काय ठेवायचं याचा विचार निघाला. ठेवण्यासारखी एकच गोष्ट आत होती. कृष्णातने ती उघडून सगळ्यांना दाखवली. ‘ओ’वरची टिंबं, ‘ए’वरच्या टोप्या, उलटी प्रश्नचिन्हं.

“ह्ये मूळ हाय,” तो म्हणाला. “ह्येच ठिवलं तर परत पसरणार. मग धुऊन काय उपेग?”

“तिनं हात लावू नका म्हटलंय,” सम्राट म्हणाला.

“तिला कुठं वाचाय येतंय ह्यातलं?” मामा म्हणाले. “तूच सांग, हाय ह्यात मराठीचं एक अक्षर? खाऊन टाकलंय सगळं. आता मढं संभाळून काय करतोस?”

“आनि चार दिवसांनी लॅपटॉपबी गेला म्हंजे?” आण्णा म्हणाले. “पोरीनं पोटाला चिमटा काढून घेतलाय त्यो.”

पोरीच्या काळजीने आण्णांचे डोळे खरोखर भरून आले होते. बटण दाबायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे मागे सरकले. सम्राटला बायकोची भीती होती, मामा पाहुणे होते आणि कृष्णात म्हणाला की आपण फक्त सांगणार. शेवटी घरातलं थोरलं माणूस म्हणून आण्णांनी चष्मा पुसला आणि कृष्णातने दाखवलेल्या जागी बोट ठेवलं. पेन ड्राइव्हही तसाच धुतला. रिकामा राहू नये म्हणून कृष्णातने त्यात गाणी भरून दिली. लॅपटॉपमध्ये त्याने दोन-चार पिक्चर टाकले, वर मामांच्या घरच्या लग्नाची सीडीही चढवली.

संघप्रिया दुपारी घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता. लॅपटॉप टेबलावर उघडा होता आणि भराभर चालत होता.

“बग कसा पळतोय,” सम्राट म्हणाला. “एकदम स्वच्छ झालाय.”

“माझी फाइल?”

सम्राटने आण्णांकडे बघितलं. मग आण्णा म्हणाले, “पोरी, ती गेलती गं आधीच. आमी फकस्त मूठमाती दिली.”

तिने पेन ड्राइव्ह मागितला. सम्राटने तो दिला आणि त्यात गाणी चांगली आहेत असं सांगितलं. संघप्रिया खुर्चीवर बसली. तिला त्या चौघांचा असा राग आला होता, की त्या रागाला घरात मावेल एवढी जागा नव्हती. रडली असती तर त्यांनी समजूत घातली असती, आणि ती ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. चिमणाबाईंनी शिऱ्याची ताटली पुढे ठेवली. ती तिने तशीच परत आत नेऊन ठेवली.

दोन दिवसांनी बाबासो गावाहून आला. ती त्याच्या दुकानात गेली तेव्हा त्याच्या हाताला अजून रोपांचा हिरवा डाग होता. तिने पडद्यावर काय दिसत होतं ते सांगितलं. तो हसला.

“अवो मॅडम, मराठी फॉन्ट न्हाय तुमच्या नव्या लॅपटॉपवर. माझ्याकडचा टाकला की झालं, अक्षरं पयल्यासारखी. फाइलला काय बी झालेलं न्हाय. आणा इकडं, आत्ता करून देतो.”

मग तिने विचारलं, “तुझ्याकडं हाय का रे प्रत?”

“तुमच्यासमोरच कट केली की मी.”

पुसलेलं परत काढून देणारा शहरात एक माणूस होता, त्याच्याकडेही ती जाऊन आली. त्या जागेवर आता मामांच्या घरची वरात होती. माळ्यावर हाताने लिहिलेली पानं सापडली, पण ती पहिल्या खर्ड्याची. नंतरची दोन वर्षं त्यात नव्हती.

व्हायरस नव्हताच, हे तिने रात्रीच्या जेवणाला सांगितलं. सम्राटचा घास हातात थांबला. आण्णांनी ताटाकडे पाहिलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं आणि ते किती वेळ टिकतं ते ती बघत राहिली.

“म्हंजे लॅपटॉपला काय झालंच न्हवतं?” सम्राट म्हणाला. “चला, त्ये तरी बरं झालं. मला वाटलं दुकानदारानं फशीवलं.”

मुदतवाढीचा अर्ज घेऊन ती विभागप्रमुख सरांकडे गेली. अर्जात तिने घडलं ते सगळं लिहिलं होतं. फेटा, केबल आणि बदल्यांची यादीसुद्धा. सरांनी तो दोनदा वाचला.

“असं काही लिहू नका, मॅडम. विद्यापीठाला हे समजणार नाही. ‘व्हायरसमुळे’ असं लिहा.”

“पण सर, व्हायरस नव्हताच.”

“मग ‘घरच्यांमुळे’ लिहिणार का?”

तिने ‘व्हायरसमुळे’ असं लिहिलं. मुदतवाढ मिळाली. मुलाखतीला मात्र मुदतवाढ नव्हती. कायमची जागा अशा एका गृहस्थांना मिळाली, ज्यांचा प्रबंध काय होता ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं, पण तो बांधलेला होता. सम्राटची बदली टळली. मामांनी लॅपटॉपमधल्या लग्नाची प्रत मागून नेली.

पुढच्या जूनमध्ये सरांनी तिला बोलावून घेतलं. “मॅडम, यंदाही तासिकेवरच घेतोय, पुढच्या वर्षी नक्की बघू. पण एक जबाबदारी देतो. आपली संगणक खोली तुम्ही सांभाळा. तुम्हाला तीन-तीन अँटीव्हायरसचा अनुभव आहे, एवढा आपल्याकडे कुणालाच नाही. मानधन नाही, पण मान आहे.”

संघप्रियाने किल्ली घेतली. खोलीत जुने संगणक ओळीने मांडलेले होते. तिने एका संगणकात बाबासोकडून आणलेला फॉन्ट टाकला, मग एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर हाताने, मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘संगणक बिघडल्यास कोणीही मदत करू नये.’ तो दारावर चिकटवला.

सर तिकडून जाताना थांबले. “मॅडम, हे जरा कडक होतंय. लोकांना वाईट वाटेल.”

“वाटू दे, सर,” ती म्हणाली.

तिने दार आतून लावून घेतलं आणि माळ्यावरची पानं पुढ्यात ठेवून पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य पुन्हा टाइप करायला घेतलं. थोड्या वेळाने दारावर हलकेच टकटक झाली.

“मॅडम,” सर बाहेरून म्हणत होते, “पाटी मी दुरुस्त करून देऊ का? शब्द जरा सौम्य करतो. तुमच्यासाठीच म्हणतोय.”

ती टाइप करत राहिली.